बेस उलटसुलट पद्धतीने वाजवला तर चालतो का, की आधी तयारीच पाहिजे?

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू दीड वर्ष बेस गिटार वाजवतोयस, बोटांनी नाही, अंगठ्याने. स्केल येत नाहीत, नोटेशन वाचता येत नाही, मधूनच तारेवर स्टीलचा पाईप घासून आवाज काढतोस आणि तुला तेच आवडतं. पण बँडमधली पोरं म्हणतात आधी टेक्निक शिक, मग वेगळं काय करायचं ते कर. तर असं चाकोरीबाहेरचं वाजवणाऱ्याला टेक्निकल स्किल खरंच लागतं का, आणि क्लास लावू का, असं तू विचारलंयस. अरेतुरे करतोय कारण वय तूच एकवीस लिहिलंयस, माझा मुलगा नववीत आहे, चालवून घे.

आधी मी कोण ते सांगतो नाहीतर म्हणशील हा कोण शहाणा. मी नाशिकचाच, अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर मायक्रोमीटर घेऊन जॉब तपासायचे, आणि अठरा एक वर्षं झाली शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नाचं संगीत, हळद, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, नवरात्रात तर रोजच. मोठा कलाकार वगैरे अजिबात नाही, पण लॉन्सवर दोनशे लोकांसमोर चुकायचा अनुभव भरपूर आहे.

माझं मत विचारशील तर स्किल लागतं. फक्त तुझी बँडमधली पोरं ज्याला स्किल म्हणतायत ते नाही.

आमच्याकडे अण्णा म्हणून होते, मी ऑर्केस्ट्रात आलो तेव्हा तेच बेस वाजवायचे. नाशिकरोडला प्रेसमधून रिटायर झालेले, तरुणपणी बेंजो पार्टीत ढोल वाजवलेला, बेस गिटार हातात आली ती पन्नाशीच्या आसपास. त्यांच्या गिटारीला तारा दोनच. चारपैकी बारीक दोन कधीतरी तुटल्या त्या परत बसवल्याच नाहीत, मी एकदा नवीन सेट घेऊन गेलो तर म्हणाले ठेव, लागला तर सांगतो. अंगठ्याने वाजवायचे तुझ्यासारखंच. स्वरांची नावं त्यांना एकच पद्धत माहीत, पेटीची, काळी दोन, पांढरी चार अशी, गायिकेला म्हणायचे ताई जरा गुणगुण, आणि ती गुणगुणेपर्यंत यांचं बोट बरोब्बर जागेवर. मी तेव्हा इंटरनेटवर बघून बघून स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकत वाजवायचं, शिकलो होतो, दोन बोटांनी सोळा-सोळा स्वरांच्या धावा घेत होतो, मनातल्या मनात म्हणायचो या म्हाताऱ्याला काढून मला का नाही घेत हे लोक.

मग एकदा अण्णांना ताप आला आणि औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर रिसेप्शनला मला उभं केलं. मी असला सुटलो म्हणतोस, जिथे जागा दिसली तिथे भरत सुटलो. तिसऱ्या गाण्यात गायिकेची अंतऱ्याची उचल चुकली, ती माझ्याकडे बघायला लागली, मला वाटलं कौतुकाने बघतेय. मध्यंतरात ढोलकीवाला चहा पिता पिता एवढंच म्हणाला, भाऊ, तू गाणं म्हणतोयस का ठेका धरतोयस ते एकदा ठरव.

खूप लागलं होतं ते. घरी येऊन मोबाईलवर कुणीतरी घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला वाटलं होतं ती चूक त्यात नव्हतीच, म्हणजे सूर बरोबर होते, लयही फार पळवली नव्हती. घोळ असा होता की माझा एकही स्वर संपत नव्हता. एकाची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, नुसती गरगर. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, तो आवाज लॉन्सवर मोठ्या स्पीकरमधून सुटला की आपोआप विरत नाही लवकर, घुमत राहतो, आणि त्याच्यावर दुसरा जाड स्वर पडला की दोघांचा चिखल होतो. अण्णांचं मग कान देऊन ऐकलं पुढच्या कार्यक्रमाला. अंगठा तारेवर पडायचा आणि डावं बोट लगेच किंचित सैल व्हायचं, तार दाबलेली नाही पण सोडलेलीही नाही, आवाज तिथल्या तिथे बंद. काही ठिकाणी मुद्दाम धरून ठेवायचे. कुठे धरायचं आणि कुठे मारायचं हे दर गाण्याला ठरलेलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, पोरा, तार छेडायला काय, लहान पोर पण छेडतं, ती गप्प करायला हात लागतो.

माझ्या मते बेसची निम्म्याहून जास्त तयारी हीच आहे. तबला ऐकलास तर लगेच कळेल. तीनतालात 'खाली', म्हणजे रिकामी मात्रा, येते तिथे डग्गा गप्प होतो, धिंचं तिं होतं, आणि ज्याला मात्रा मोजता येत नाहीत त्यालाही आतून समजतं की आता आपण आवर्तनात कुठे आहोत. खालचा आवाज थांबला म्हणून समजतं. तबलजीच्या डग्ग्याला जो घुमारा असतो ना, मनगट सरकवून काढलेला, तो कुठे सोडायचा आणि कुठे बंद बोल वाजवायचा यावरच हात ओळखतात. हे सगळं आपल्याकडे आहेच, आपण फक्त बेस गिटार हातात घेतली की विसरतो आणि परदेशातल्या व्हिडिओत बोटं किती पळतात ते मोजत बसतो.

आता तुझ्या विचित्र पद्धतीचं. या वाद्याचा इतिहासच मुळात उलटसुलट लोकांनी भरलेला आहे. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस नावाची बेस गिटार बाजारात आणली १९५१ मध्ये, म्हणजे वाद्य तसं कालचंच, याला घराणी नाहीत, हे असंच वाजवावं असं छातीठोक सांगणारं कुणी नव्हतं. अमेरिकेतल्या मोटाऊन रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवायचा, एकाच, आणि तारा महिनोन् महिने बदलायचा नाही. पण हे सांगून लोक तिथेच थांबतात. तो मुळात उभ्या डबल बेसवर तयार झालेला माणूस, जाझ वाजवून आलेला, बोट एक असलं तरी त्याच्यामागे कान कसला होता बघ, तो कॉर्डच्या मधल्या स्वरांतून असा फिरतो की आजही बेस शिकणारी पोरं त्याच्या ओळी लिहून काढतात. कॅरल के जाझ गिटार वाजवायची, १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून बेस हातात घेतला आणि पिकनेच, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या चकतीनेच, वाजवत राहिली. लॅरी ग्रॅहम आईच्या छोट्या बँडमध्ये वाजवायचा, ड्रमर राहिला नाही तेव्हा अंगठ्याने तार ठोकून किक ड्रमचं (पायाने वाजवतात तो) आणि बोटाने तार ओढून स्नेअरचं (काडीने वाजवतात तो कडक आवाजाचा ड्रम) काम भागवलं. आज ज्याला स्लॅप म्हणून क्लासात फी घेऊन शिकवतात ते असं अडचणीतून निघालंय. तेव्हा तुझी पोरं तुला 'नीट' टेक्निक शिक म्हणतायत त्यातलं अर्धं कुणाची तरी वेडीवाकडी सवयच होती एकेकाळी.

पण यातल्या प्रत्येकाला वाजवता येत होतं, हे लक्षात ठेव. ज्यांना खरंच येत नव्हतं ते वेगळे. क्लॅश या इंग्लिश पंक बँडचा पॉल सायमनन, याने सुरुवातीला बेसच्या मानेवर स्वरांची नावं रंगवून ठेवली होती, कुठे दाबायचं ते दिसावं म्हणून. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉन लायडन याने १९७८ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला तेव्हा बेसवर घेतलेला जा वॉबल जवळजवळ नवशिका होता. जॉय डिव्हिजन बँडचा पीटर हुक, १९७६ ला मँचेस्टरमध्ये सेक्स पिस्टल्स बघितले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बेस विकत घेतला, त्याचं तर मला फार आवडतं, त्याचा अँप इतका भिकार होता की खालचे स्वर ऐकूच यायचे नाहीत, म्हणून तो मानेच्या वरच्या टोकाला, बारीक तारांवर वाजवायला लागला, निदान स्वतःला ऐकू यावं म्हणून. आणि तीच त्याची ओळख झाली, त्या बँडमध्ये बऱ्याचदा चाल बेसवरच असते आणि गिटार मागे.

यांच्याकडे काय होतं मग? मी खूप विचार केला यावर, नाईट शिफ्टला वेळ असतो. मला वाटतं यांना थोडंच येत होतं पण ते थोडं ते प्रत्येक वेळी तसंच वाजवायचे. वॉबलची एखादी ओळ चार-पाच स्वरांची असेल, ती सहा-सात मिनिटं ढळत नाही. करून बघ म्हणजे कळेल. चार स्वर घे आणि पाच मिनिटं न बदलता वाजव, दुसऱ्या मिनिटाला हात शिवशिवायला लागतो, काहीतरी भर घालावीशी वाटते, तिसऱ्या मिनिटाला लय पुढे सरकते. आमच्याकडे एकच गोष्ट घोळवणाऱ्याला म्हणतात याचं आपलं तेच तुणतुणं. पण तुणतुण्याची एक तार पोवाड्यात तासभर धरून बसणारा झीलकरी बघितलायस का कधी, शाहीर वाटेल तिकडे जातो आणि परत येतो कारण हा हललेला नसतो.

आपल्या नाशिक ढोलाचंच बघ ना. पथकात निम्मी पोरं दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ढोल कमरेला बांधलेली असतात. गणपतीच्या आधी संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, किंवा कुठल्याही मैदानावर सराव चालू असतो तिथे जाऊन उभा राहा. एकेकट्याला वाजवायला लावलं तर काही नाही त्यात, पण पन्नास टिपऱ्या एका क्षणाला पडल्या की छातीत जो ठोका बसतो तो कुठल्याही सोलोने येत नाही, आणि त्यातल्या दहाजणांची टिपरी जरा जरी मागे पडली की ठोका फाटतो, नुसता गोंगाट. एवढं एकच स्किल त्यांना शिकवलेलं असतं, एकत्र पडायचं. ते सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने विसर्जनाला चार तास वाजवून दाखवावं.

एक मात्र आहे, सायमनन आणि हुक यांची नावं आपल्याला माहीत आहेत कारण त्यांचं जमलं. त्याच साली तसाच स्वस्त बेस घेऊन तसंच अडाणी वाजवणारी हजारो पोरं असतील, त्यांचं काही झालं नाही आणि त्यांचे किस्से कुणी लिहिले नाहीत. म्हणून 'त्यालाही येत नव्हतं' हा युक्तिवाद मी तरी स्वतःच्या बाजूने वापरत नाही.

दुसऱ्या टोकाचीही माणसं आहेत. टोनी लेव्हिन ड्रमच्या काड्यांचे तुकडे बोटांना बांधून बेस वाजवतो, बघायला सर्कस वाटते, पण तो ईस्टमनसारख्या संगीत विद्यालयात शिकून आलेला माणूस. जॅको पास्टोरियसने फेंडरच्या जाझ बेस गिटारीच्या मानेतल्या फ्रेट, म्हणजे स्वरांच्या जागी बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, काढून, भेगा भरून त्यावर बोटीला लावतात ते इपॉक्सी चढवलं, हा आचरटपणाच, पण त्या सपाट मानेवर सूर नेमका लावायला जो हात लागतो तो त्याच्याकडे होता. आपल्या मुंबईची मोहिनी डे बघ, कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातले तालाचे, बोल तोंडाने म्हणत तेच बेसवर काढते. हे जमणं वरवरचं नाही. पण मोहिनीसारखं यायला पाहिजे तरच बेसला हात लावायचा असं म्हटलं तर मला मायक्रोमीटरच धरून बसावं लागेल.

आणि चरणजित सिंग माहीत आहेत का? हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वर्षानुवर्षं वाजवलेले, बेस गिटारसकट कितीतरी वाद्यं. रोलंड कंपनीने टीबी-३०३ म्हणून एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी काढली होती, एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून, आणि त्या कामाला ती अगदीच टाकाऊ निघाली, खऱ्या बेससारखी वाजायचीच नाही. या माणसाने ती घेतली आणि १९८२ मध्ये बेसला ती, सोबत दुसरा सिंथेसायझर, असे दहा राग डिस्को ठेक्यात वाजवून आख्खी रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, २०१० च्या सुमारास ती परत निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले कारण ॲसिड हाऊस नावाचा इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा प्रकार तिकडे नंतर आला आणि याची चव तीच. बेसला बोटांची कसरत त्यात शून्य, बटणं आणि खटके. पण भैरव कुठे काय मागतो हे माहीत असल्याशिवाय ते सुचलं नसतं. मला हा किस्सा तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतो खरं तर, मधेच आला आपला.

आता तुझ्या पाईपबद्दल, कारण हे बाकी कुणी सांगणार नाही. मॉर्फिन नावाचा बँड होता बोस्टनचा, त्यातला मार्क सँडमन दोन तारांचा बेस स्लाइडने वाजवायचा, सोबत बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ड्रम, गिटार नाहीच. ऐक नक्की. तो बिचारा १९९९ मध्ये इटलीत स्टेजवरच गेला. त्याचं ऐकल्यावर लक्षात येईल की स्लाइड म्हणजे टेक्निकमधून सुटका नाही, उलट फ्रेटचा आधार गेला, आता सूर कानानेच लावायचा. पाईप फ्रेटच्या मधोमध नाही धरायचा, बरोबर फ्रेटच्या तारेच्या डोक्यावर धरायचा, आणि पाईपच्या मागच्या बाजूला उरलेलं बोट तारेवर हलकं टेकवून ठेवायचं नाहीतर मागचा तुकडा पण वाजतो आणि कर्कश येतं. जोरात दाबू नकोस, तार फ्रेटला लागली की खळखळ. आणि एकाच वेळी एकाच तारेचा आवाज येतोय ना ते बघ, बाकीच्या उजव्या हाताच्या तळव्याने गप्प करून ठेव.

अंगठ्याने वाजवतोस ते मी तरी बदलणार नाही. त्याला एक जोड दे. भांडी घासायचा नवा कोरा स्पंज घे, त्याची पट्टी कापून ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, तारांखाली सरकव, तारेला जेमतेम टेकेल अशी. आवाज बुटका आणि गोल होतो, आस कमी होते. जेमरसनच्या बेसला पण फोम असायचा. पण महिनाभरच ठेव आणि मग काढ, आणि स्पंज जे करत होता ते आता डाव्या हाताने करायचा प्रयत्न कर. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप, लाव मिनिटाला साठ टिकला, आणि प्रत्येक टिकवर नाही, दोन टिकच्या बरोबर मधे स्वर सोड, आणि टिक वाजताक्षणी बंद कर. एकच स्वर, दहा मिनिटं. पहिल्या दिवशी वेड लागेल. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको, त्याच दिवशी सगळं बरंच वाटतं.

एका बाबतीत मात्र तुझी पोरं बरोबर आहेत आणि तिथे मी हट्ट करणार नाही. मी पहिली चार-पाच वर्षं पट्टा लांब सोडून बेस मांडीपर्यंत लोंबकळत ठेवायचो, स्टाईल म्हणून, त्याने डावं मनगट पूर्ण वाकतं. एका नवरात्रात सातव्या दिवशी अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत अशी कळ आली की रिक्षाचं भाडं द्यायला खिशात हात जाईना. डॉक्टरांनी सुजलेत स्नायूबंध म्हणून सांगितलं, तीन महिने बेस बंद, सुपारी गेली ती गेली, कामावर मायक्रोमीटर उजव्या हातात धरून जॉब डाव्या हाताने उचलता येईना म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळी. सूर कसाही काढ, पण मनगट सरळ राहिलं पाहिजे आणि दुखायला लागलं की थांबायचं, यात चाकोरीबाहेरचं असं काही नसतं.

स्केल येत नाहीत याचं मला फार वाटत नाही, पण गाणं ऐकून त्याचा मूळ स्वर पाच सेकंदात सापडला पाहिजे. अण्णांना एकही स्केल नावाने येत नव्हती, पण गायिकेने आयत्या वेळी पट्टी अर्ध्या सुराने चढवली तर त्यांचं बोट आमच्या कीबोर्डवाल्याच्या ट्रान्सपोज बटणाच्या आधी पोचायचं. ज्या दिवशी तुला दुसऱ्या कुणाबरोबर आयत्या वेळी वाजवायला लागेल त्या दिवशी कॉर्डची नावंही लागतील, तेव्हा शीक, आठवड्याचं काम आहे.

क्लासचं म्हणशील तर तीन महिने लाव, हरकत नाही. फक्त पहिल्याच दिवशी सरांना म्हण, सर, मी अंगठ्यानेच वाजवणार आहे, माझं मनगट बरोबर आहे का बघा आणि तारा बंद कशा करायच्या ते शिकवा. ते हसले आणि खुर्ची ओढून तुझ्या डाव्या हाताकडे बघायला लागले तर फी भर. अंगठा बघून ते थेट स्लॅपवर आले तर पैसे राहू देत खिशात, एक बरा स्पीकर घे.